शाळेतलं वारसा प्रदर्शन: या चुका टाळा

वारसा प्रदर्शन म्हटलं की अर्ध्या टेबलांवर थर्माकोलचा रायगड. रायगड थोरच आहे. पण १६ ऑगस्ट १९४२ ला, चले जाव आंदोलनात, आपल्या गावात काय घडलं हे चिमूरच्या किंवा आष्टीच्या पोराला सांगता येत नसेल, तर विषय देताना आपलंच चुकलं. आणि "आमच्या गावात ऐतिहासिक काहीच नाही" हे तर मुलांसमोर बोलूच नका. बंद पडलेली कापसाची जिनिंग, जुनी विहीर, शाळेचं पहिलं हजेरीबुक, यातही इतिहास आहे.

सगळ्यात मोठी चूक वस्तूच्या चिठ्ठीत होते. एका मुलीनं धान्य मोजायची लोखंडी पायली आणली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "प्राचीन पायली, ३०० वर्षे जुनी." कशावरून? कुणालाच माहीत नव्हतं. तिला घरी परत पाठवलं, आजीला विचारायला. दुसऱ्या दिवशी ती सांगत आली: याच पायलीनं सालदाराला ज्वारी मोजून द्यायचे, आणि काठ एका बाजूनं चेपलाय तो बैलबंडीतून पडल्यामुळे. त्या पायलीभोवती मग पोरं हटेनात.

आजीला "तुमच्या काळी कसं होतं?" असं विचारलं, तर "बरं होतं बाप्पा" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा: वस्तू लग्नाआधीची की नंतरची? ७२ च्या दुष्काळात घरात होती का? गावात लाइट आली तेव्हा? सन असा हळूहळू सापडतो. एक जागा मात्र फसवी आहे. "चार आण्याला घेतली" म्हटलं की वस्तू जुन्या नाण्यांच्या काळातली, असं धरू नका. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, तरी पंचवीस पैशांना लोक पुढे कितीतरी वर्षं चार आणेच म्हणत होते.

नागपूरजवळच्या जुनापाणीसारख्या शिळावर्तुळांच्या (गोलात दगड मांडलेल्या प्राचीन दफनांच्या) जागी सहल नेली, तर तिथला एक दगडही आणू नका. शिलालेखावर खडू किंवा तेल चोळू नका, फोटो तिरप्या उन्हात काढा. अक्षरं आपोआप उठून दिसतात. शेतात नाणी सापडली तर चिंचेनं घासू नका, तहसीलला कळवा.

वस्तू घेताना वहीत नाव लिहून सही घ्या. आम्ही एकदा हे केलं नाही आणि एका घरचा पितळी दिवा हरवला. पुढच्या वर्षी त्या आळीतून कुणी काही दिलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं.

तारीखही बघा. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला प्रदर्शन ठेवलं, तर मायबाप वावरात असतात. बाजाराचा दिवस धरा. आणि जिची पायली आहे, त्या आजीसाठी टेबलामागे एक खुर्ची ठेवा.