जुन्या सेडानचे कूलंट बदलताना अडकलेली हवा कशी काढावी

रात्रभर उभ्या असलेल्या, पूर्ण थंड गाडीवरच हे काम करावे. रेडिएटरचा खालचा पाइप सोडून जुने कूलंट घमेल्यात घ्यावे, आतला भाग धुवावा, शेवटचे धुणे डिस्टिल्ड पाण्याचे ठेवावे आणि पाइप बसवून क्लिप आवळावी. निघालेले कूलंट चवीला गोड पण विषारी असते. कुत्र्या-मांजरांच्या वाटेत ते उघडे ठेवू नये.

‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला? नळाचे पाणी भरा,’ हा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नये. नळाच्या, विशेषतः बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. कूलंट गंज रोखते, आणि निम्मे कूलंट व निम्मे डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण रेडिएटरच्या दाबाखाली 120 अंश सेल्सिअसच्या पुढेही उकळत नाही.

खरी कसोटी पुढे आहे. माझ्या मारुती एस्टीममध्ये पहिल्यांदा कूलंट बदलले तेव्हा मी काठोकाठ भरून झाकण लावले आणि निघालो. खंबाटकी घाटात तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. कूलंटची बाजूची टाकी भरलेली होती, तरी हीटर पूर्ण गरमवर ठेवल्यावर त्यातून गार हवा येत होती. हीटरपर्यंत कूलंट पोहोचतच नव्हते, कारण वाटेत हवा अडकली होती. रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, काढून टाकायला सांगितले आणि मी ते मानले. पुढे कित्येक महिने इंजिन नीट तापत नव्हते आणि पेट्रोल जास्त जळत होते. थर्मोस्टॅट खराब असेल तर नवा बसवावा, पण तो काढून गाडी चालवू नये.

हवा काढण्यासाठी गाडीचे तोंड चढाकडे करावे, हँडब्रेक ओढून चाकांमागे दगड लावावेत आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवावा. झाकण उघडे ठेवून कूलंट बारीक धारेने ओतावे, वरचा जाड पाइप मुठीत दाबत-सोडत राहावे. बुडबुडे येऊन पातळी खाली जाते, तसतशी भर घालावी. मग इंजिन चालू करून रेस न देता थांबावे. बहुतेक गाड्यांत 82 ते 88 अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो, त्या क्षणी पातळी एकदम खाली जाते, आणि घाई करणारे नेमके त्याआधीच झाकण लावून मोकळे होतात. तोंड आणि हात लांब ठेवून भर घालावी, पंखा दोनदा सुरू होऊन थांबेपर्यंत आणि हीटरमधून कढत हवा येईपर्यंत थांबावे, मगच रबर तपासलेले झाकण घट्ट लावावे. एकदा लावलेले झाकण गरम इंजिनवर पुन्हा उघडू नये; दाबाखालचे उकळते कूलंट थेट चेहऱ्यावर उडते.

बुडबुडे अर्ध्या तासानंतरही थांबत नसतील, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधले सील, गेल्याची शंका घ्यावी आणि गाडी गॅरेजला दाखवावी. थांबले असतील, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत टाकीची पातळी पाहून कमी पडलेले भरावे.