उजनीवरून लाँचचं इंजिन तापल्याचा फोन आला, तर सोलापूर सोडण्याआधी

ट्रॅक्टर, पंपसेट, जनरेटरवर हात बसलेल्या आपल्याकडच्या मेकॅनिक मंडळींसाठी हे लिहितोय. सोलापुरात डिझेल इंजिन खोलणारे पुष्कळ आहेत. पण करमाळा किंवा टेंभुर्णी बाजूने ‘लाँच तापतेय, या’ असा फोन आला की आपण सवयीने रेडिएटर आणि पंख्याचा विचार करत निघतो. बहुतेक लाँचना रेडिएटर नसतो. इंजिनाच्या आत कूलंट फिरतं आणि ते थंड करायला जलाशयाचंच पाणी आत ओढलं जातं. तळाच्या भोकातून आत, मग वाल, गाळणी, रबरी इम्पेलरचा (पात्यांच्या चाकाचा) पंप, हीट एक्स्चेंजर (इथे हे पाणी कूलंटची उष्णता घेतं) आणि शेवटी एक्झॉस्टच्या कोपरात धुरात मिसळून बाहेर, असा त्याचा रस्ता. हा रस्ता आधी कागदावर काढा. तपास याच क्रमाने करायचा आणि सामानही याच क्रमाने भरायचं.

निघण्यापूर्वी फोनवरच नीट विचारून घ्या. उभ्या जागी तापतं की जोर दिल्यावरच? एक्झॉस्टमधून पाणी पूर्वीइतकं पडतंय का? धूर काळा आहे की पांढरा, वाफेसारखा? गेल्या महिनाभरात कुणी काही उघडलं होतं का? सुरू केल्यावर लगेच काटा चढत असेल आणि मागे पाणी पडत नसेल, तर दोष बाहेरच्या पाण्यात. पाणी भरपूर पडतंय तरी तापतंय, तर कूलंट, थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर उघडणारी झडप), कूलंट फिरवणारा आतला पंप किंवा खपली धरलेला एक्स्चेंजर. जोर दिल्यावरच तापतं आणि धूर काळा निघतो, तर प्रोपेलरला मासेमारीचं जाळं गुंडाळलंय का, हे किनाऱ्यावरच्या माणसाला आधी बघायला सांगा. मात्र इंजिन बंद करून आणि किल्ली खिशात घालूनच हात पाण्यात घालायचा, हेही त्याच फोनमध्ये सांगा.

उजनीच्या पाण्याचा स्वभाव लक्षात घेतल्याशिवाय ही तयारी पुरी होत नाही. धरण पूर्ण झालं १९८० साली. एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे आपण दरवर्षी ऐकतो. पाणी उतरलं की लाँच काठाजवळ चिखल ओढते. फुगवट्यात जलपर्णी आहे, पाणी शेवाळाने हिरवं पडतं आणि वरून प्लास्टिक वाहत येतं. समुद्रावरच्या मेकॅनिकला मीठ आणि शिंपले काढावे लागतात, आपल्याला मुळं, शेवाळ आणि गाळ. त्यात मे महिन्यात सोलापूरचं ऊन बेचाळीस अंशांच्या पुढे जातं आणि उथळ पाणीही कोमट होतं. हिवाळ्यात निभावून गेलेला अर्धा चोक झालेला एक्स्चेंजर याच दिवसांत हात टेकतो.

म्हणून पिशवीत सगळ्यात वर गाळणीचं सामान ठेवा. झाकणाचं नवं ओरिंग (रबरी कडं), थोडं ग्रीस, जुना टूथब्रश, लांब तार आणि दोन बादल्या. ओरिंगला कमी समजू नका. विहिरीवरच्या पंपाच्या सक्शनला बारीक भोक पडलं तर पंप हवा धरतो आणि पाणी उचलत नाही, ते आपण जन्मभर पाहिलंय. इथे तेच होतं. झाकण नीट बसलं नाही, होजची क्लिप ढिली राहिली, की गाळणी चकाचक असूनही पाणी कमी येतं. झाकण पारदर्शक असेल तर बुडबुडे दिसतात. गाळणी उघडण्याआधी वाल बंद करायचा, आणि साफ झाल्यावर तो आठवणीने उघडायचा. मग गाळणीकडचा होज सोडून वाल क्षणभर उघडून बघा. पाणी जोरात उसळायला हवं. नुसतं झिरपत असेल तर अडथळा तळाच्या भोकात आहे. माझी पहिली लाँच अशीच होती. मी थर्मोस्टॅट बदलून परत आलो, दोन दिवसांनी पुन्हा गेलो आणि तळाच्या जाळीला चिकटलेली दुधाची रिकामी पिशवी निघाली. इंजिन बंद केलं की ओढ थांबून पिशवी सुटायची, चालू केलं की पुन्हा चिकटायची. त्या माणसाचे दोन दिवसांचे फेरे माझ्यामुळे बुडाले, ते अजून मनाला लागतं.

त्याखालोखाल इम्पेलर. पंपावरचा नंबर फोटोत मागवा आणि मापाचे दोन घ्या, सोबत पंपाच्या झाकणाचं गॅस्केट. कोरडा फिरला तर रबर मिनिटभरातही जळू शकतं. जुना काढलात की पाती मोजा. एखादं पातं कमी असेल तर ते कुठेतरी पुढे गेलेलं असतं, बहुधा एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेलं. ते तुकडे हाती आल्याशिवाय नवा इम्पेलर बसवून घरी येऊ नका. आठवडाभरात तीच तक्रार परत येईल. पाती शाबूत असली तरी वाकून तशीच राहिलेली, टोकाला तडे गेलेली दिसली तर बदलाच.

कूलंट, डिस्टिल्ड वॉटर, कूलंट भरायच्या तोंडाची नवी प्रेशर कॅप आणि मापाचा बेल्ट घ्या. बोअरचं पाणी आत ओतू नका, आपल्याकडच्या जड पाण्याची खपली बसते. कॅपचं काम अनेकांना ठाऊक नसतं. साधारण ०.९ बारची कॅप नीट दाब धरत असेल तर नुसतं पाणीही सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपची रबर सील गेली की पाणी शंभराच्या आसपास उकळून बाहेर पडतं आणि आपण हेड गेलं समजतो. तापलेल्या इंजिनाची कॅप कुणालाही उघडू देऊ नका, वाफेने चेहरा भाजतो. आणि लाल झालेल्या इंजिनावर थंड पाणी मारायचं नाही, हेड तडकतं.

थर्मोस्टॅट तपासायला छोटं पातेलं, स्टोव्ह आणि थर्मामीटर न्या. त्यावर कोरलेल्या तापमानाला तो उघडू लागला पाहिजे. शक्य असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर घ्याच. कित्येकदा इंजिन ठीक असतं, काटा नाहीतर सेन्सर खोटं बोलतो. एक्स्चेंजरच्या दोन्ही टोकांचं, हेडचं आणि एक्झॉस्टच्या कोपराचं तापमान घेतलं की अंदाज बांधायची गरज उरत नाही. तो कोपर उघडून बघायलाही विसरू नका. आत काजळी आणि गंज साचून भोक बोटाएवढं राहतं, पाण्याला वाट मिळत नाही.

हेड गॅस्केटचं सामान पहिल्या फेरीला नेऊ नका. आधी खात्री करा. चालू इंजिनात कूलंटमध्ये सतत बुडबुडे येतायत का, ऑइल दुधाळ झालंय का, कूलंट कुठेही न गळता कमी होतंय का? तसं दिसलं तर लाँच काठावर बांधून ठेवायला सांगा आणि नीट तयारीने परत जा.

‘हळूहळू चालवतो की पलीकडे’ असं मालक म्हणतील. तेव्हा ठाम नाही म्हणा. मे २०२४ मध्ये उजनीतच कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण गेले. ती वाऱ्याची गोष्ट होती, इंजिनाची नव्हे. पण वळवाच्या दिवसांत भर पाण्यात इंजिन बंद पडलं तर लाँच वाऱ्याला आडवी होते, आणि त्या वाऱ्यापुढे आपला काही इलाज नसतो. चाचणीसाठी जातानाही अंगात लाइफ जॅकेट हवं, तुमच्याही. सकाळी लवकर जा, दुपारनंतर वारा सुटतो.

चाचणी अर्धा तास जोर देऊन घ्या, नुसती काठाला उभी ठेवून नको. एक्झॉस्टखाली बादली धरून किती सेकंदांत भरते ते आणि तेव्हाचं इंजिनाचं तापमान तारखेसकट इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. पुढच्या वेळी बादली भरायला जास्त वेळ लागला तर काटा चढण्याआधीच कळेल. निघताना दुसरा इम्पेलर लाँचवाल्याच्या हातात द्या, आणि तुमच्यासमोर एकदा त्याच्याच हाताने काढून बसवून घ्या.