दूरच्या टीमकडून पहिलं प्रॉडक्ट करून घेताय? या चुका टाळा

माझ्याकडे लोक येतात तेव्हा बहुतेकांचे पैसे संपलेले असतात. ॲप अर्धवट, टीम इंदूरला नाहीतर कोइंबतूरला, फोन उचलत नाही, आणि इथे गोव्यात म्हापशाला किंवा फोंड्याला बसलेला माणूस घरच्यांना काय सांगू या विचारात. दूरची टीम घेण्यात गैर काही नाही. पगारावर चार डेव्हलपर ठेवणं सुरुवातीला कुणालाच झेपत नाही, आणि मी स्वतः इतकी वर्षं अशाच टीमांबरोबर काम करतोय. पण घोडं अडतं ते दरवेळी त्याच दोन-चार ठिकाणी, आणि ते बघून आता जीव तुटतो.

यादी देऊन मोकळं होणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. घरपोच मासळीचं ॲप करायचं होतं. मित्राने आणि मी बसून दोन पानं लिहिली : लॉगिन, मासळीची यादी, कार्ट, पेमेंट, डिलिव्हरी. टीमने नऊ आठवड्यांत यादीबरहुकूम काम दिलं, आणि दिसायलाही सुरेख दिलं. पहिल्या सकाळी आम्ही म्हापशाच्या मासळी बाजारात गेलो. ओळखीच्या मावशीने समोर बांगड्यांचे वाटे, म्हणजे नगावर विकायचे छोटे ढीग, लावले होते. भाव विचारला तर म्हणाली, "शंभराक आठ." ॲप मात्र विचारत होतं, किलो किती?

तिथेच सगळं थांबलं. बांगडा, तारली, सुंगटं यांचा वाटा असतो. विसवण मोठी असेल तर तिचा हिशेब वेगळा. दुपार कलली की त्याच शंभराला चार बांगडे जास्त येतात, आणि आमच्या ॲपमध्ये भाव दिवसातून एकदाच भरता येत होता. साफ करून तुकडे हवेत की अख्खी, हे विचारायची सोयच नव्हती. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, त्या 61 दिवसांत अर्धी यादी झाकायची कशी, याचाही विचार झाला नव्हता.

यात टीमचा काडीचा दोष नाही. शेकडो मैलांवर बसलेल्या मुलाला वाटा म्हणजे काय हे कसं कळणार? आम्ही सांगितलंच नव्हतं, कारण आम्हाला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. किलोवर बांधलेला डेटाबेस, कार्ट, बिल, सगळं उसवावं लागलं. मूळ खर्चाच्या जवळजवळ निम्मे पैसे त्या दुरुस्तीत गेले.

तेव्हापासून मी यादी देत नाही. एका विक्रीची गोष्ट लिहितो : सकाळी सहाला कोण उठतं, कुठे जातं, काय विचारतं, पैसे कोणत्या क्षणी देतं, माल परत आला तर काय होतं. सोबत फोटो जोडतो. मग व्हिडिओ कॉलवर डेव्हलपरकडून तीच गोष्ट त्याच्या शब्दांत परत ऐकतो. तो जिथे चुकतो तिथे माझं लिहिणं कमी पडलेलं असतं. ती गोष्ट त्याला बरोबर सांगता येईपर्यंत कोडची एक ओळही लिहू देत नाही.

त्याच्याही आधी दोन आठवडे तोच धंदा हाताने करून बघायला सांगतो. व्हॉट्सॲपवर ऑर्डर, यूपीआयवर पैसे, शीटमध्ये हिशेब. ज्या कामाला तुम्ही सर्वांत जास्त वैतागाल ते आधी बनवून घ्या. नवीन मुलांना हे आवडत नाही. "दादा, तोपर्यंत दुसरा कोणी पुढे जाईल," असं म्हणतात. मी आजवर दोन आठवडे थांबल्यामुळे बुडालेला एकही जण पाहिलेला नाही. आधी ॲप आणि मग गिऱ्हाईक शोधणारे मात्र रांगेने पाहिले.

चाव्या दुसऱ्याच्या खिशात

डोमेन, सर्व्हर, गिटहबवरचा (कोड साठवायच्या साइटवरचा) कोड, प्ले स्टोअरचं खातं, पेमेंट गेटवे : हे सगळं पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर हवं. टीमला फक्त आत यायची परवानगी द्यायची.

फोंड्याच्या एका ताईंचं होमस्टे बुकिंगचं ॲप एजन्सीने स्वतःच्या प्ले स्टोअर खात्यावर चढवलं होतं. "आमचं खातं तयार आहे, लगेच लाइव्ह करू," हे ऐकायला गोड वाटलं. वर्षभराने बिलावरून बिनसलं आणि एजन्सीने उत्तर देणं बंद केलं. ॲप दुसऱ्या खात्यात हलवता येतं, पण त्यासाठी मूळ खातेदारानेच विनंती करावी लागते. शेवटी नव्या ॲप-आयडीने दुसरं ॲप चढवावं लागलं. जुने सगळे रिव्ह्यू गेले, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून "जुनं काढा, नवं घ्या" सांगताना मी त्यांना पाहिलंय. प्ले स्टोअरचं खातं एकदाच 25 डॉलर भरून मिळतं. ॲपलचं वर्षाला 99 डॉलर, पण ते पहिल्या वर्षी नाही घेतलं तरी चालतं.

खातं उशिरा काढण्यात आणखी एक अडचण आहे. नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यावर ॲप थेट लोकांसाठी खुलं करता येत नाही. आधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. म्हणून टीम ठरेल त्याच दिवशी खातं काढा.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, अशी समजूत असते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड सहसा मालकाचा. बाहेरच्या टीमने कंत्राटावर लिहिलेला मात्र, लेखी हस्तांतरण नसेल तर, त्या टीमचाच राहतो. हस्तांतरणावर सही लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. "कायमस्वरूपी, जगभरासाठी" हे शब्द करारात आहेत का, ते स्वतः वाचा. वकिलाची एक फी इथे खर्च करा, लोगोवर नको.

तारखेवर पैसे देणं

निम्मे आधी, निम्मे शेवटी, असं कधीच करू नका. मी काम लहान तुकड्यांत तोडतो आणि तुकडा माझ्या फोनवर चालताना दिसला की त्याचे पैसे त्याच दिवशी देतो. त्याच दिवशी, हे महत्त्वाचं. पैशाला उशीर करणाऱ्याला चांगली टीम दुसऱ्यांदा मिळत नाही. दर शुक्रवारी डेमो, मग तो कितीही अर्धवट असो. आणि कोटेशनमध्ये 18 टक्के जीएसटी धरलाय की वर लागणार आहे, हे आधीच विचारा.

बाकीच्या

रात्री अकराला व्हॉइस मेसेज पाठवून काम बदलू नका. बदल लिहून द्या, तोही एकाच ठिकाणी.

एसएमएसने ओटीपी पाठवायचा असेल तर डीएलटी (टेलिकॉम कंपन्यांकडे एसएमएस पाठवणाऱ्याची) नोंदणी आणि मजकुराची मंजुरी लागते. हे काम टीमचं नाही, तुमचं आहे, आणि शेवटच्या आठवड्यात होत नाही.

चतुर्थीला आपल्याकडे सगळं थांबतं, त्यांच्याकडे दुसऱ्या सणाला. दोन्ही सुट्ट्या एका कॅलेंडरवर मांडा.

अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही एकदम नको. बरेचदा साधी वेबसाइटही पुरते.

आणि पणजीच्या वायफायवर ॲप तपासून समाधान मानू नका. मी जुना, स्वस्तातला फोन घेऊन वाळपईच्या पुढे, सत्तरी तालुक्यात जातो, रेंज एका कांडीवर आली की थांबतो आणि तिथून ऑर्डर टाकतो. ती पोचली तरच शेवटचा हप्ता सोडतो.