हिवाळ्यात पाखरं बघायची तर आधी पिकलेलं झाड शोधा

थंडी पडली की खान्देशातले पक्षीवेडे गाडी काढतात आणि सरळ हतनूर धरण गाठतात. तिथली बदकं बघण्यासारखी आहेत, यात वाद नाही. पण दुर्बीण साधी असेल, हाताशी अर्धाच दिवस असेल आणि सोबत लहान मुलं असतील, तर पाण्याकडे जाऊ नका. बदकं लांब बसतात, मुलं दहा मिनिटांत कंटाळतात. त्यापेक्षा फळांनी लगडलेलं एखादं झाड गाठा. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. शोधाला तेव्हाच लागलात तर थंडीभर पुरेल एवढं काम मिळतं.

आधी झाड हेरा

वड, पिंपळ आणि उंबर यांच्यापासून सुरुवात करा. यांची फळं सगळीकडे एकदम पिकत नाहीत. तुमच्या पारावरचा वड लालेलाल झालेला असतो, तेव्हा पुढच्या गावचा हिरवागार असतो. म्हणून आठवड्याला एक फेरी मारावी लागते. वर बघण्याआधी खाली बघा. बुंध्याभोवती चिरडलेली फळं, पाचोळ्यावर ताजी शिट आणि तिच्यात खसखशीएवढ्या बिया दिसल्या, की झाडावर वर्दळ आहे असं समजायचं. उंबराला एवढंही करावं लागत नाही. त्याचे घोस खोडालाच लटकतात, रस्त्यावरूनही दिसतात.

पुढे बांधावरच्या बोरी. त्यांचा भर साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. जळगावच्या मेहरूणची बोरं माणसांनी नावाजलेली, पण पाखरांना बांधावरची बारीक, आंबट बोरं जास्त सोयीची, चोचीत मावतात. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत मात्र फळं खाणारी पाखरं शोधत बसू नका. तिथं घड कच्चेच उतरवतात. केळफुलांवर सूर्यपक्षी येतात, तेवढाच फायदा.

केव्हा जायचं, कुठं बसायचं

अंधारात जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही. जानेवारीत आपल्याकडे सूर्यच सातच्या सुमारास उगवतो आणि पाखरं आधी ऊन खातात, मग फळं. सात ते साडेनऊ ही वेळ उत्तम. सूर्य पाठीशी ठेवा, नाहीतर झाडावर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील. झाडाखाली न बसता वीस-पंचवीस पावलांवर बसा. कपडे मातकट रंगाचे. आठ बाय चाळीसची दुर्बीण पुरते.

तुम्ही पोचताच सगळी पाखरं उडतील. उडू द्या. वीस मिनिटं हलू नका, एकेक करून परत येतील. तेवढ्यात शेताकडे निघालेलं कुणीतरी थांबून विचारेल, ‘काय देखी राहिनात भाऊ?’ त्यांच्या हातात दुर्बीण द्या. नाल्याकाठचा कुठला उंबर पिकलाय, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही.

शेंड्याकडून खाली या

शेंड्यावर आधी हरियाल शोधा. हा आपला राज्यपक्षी. सकाळी कोवळ्या उन्हात पानं झडलेल्या उंच फांदीवर थवा शेकत बसतो, तेव्हा पिवळे पाय आणि खांद्यावरचा जांभळट डाग निवांत बघता येतो. एकदा का वडाच्या पानांत शिरले की रंग असा मिसळतो की समोर पंधरा हरियाल असले तरी दोनही दिसत नाहीत. मग पाखरू न शोधता हालचाल शोधायची. एखादं पान वारा नसताना हलतं, एक फळ टपकन खाली पडतं, त्याच फांदीवर नजर खिळवून ठेवा. हरियाल फळासाठी पार उलटा लोंबकळतो, आणि नेमका तेव्हाच सापडतो.

मधल्या फांद्यांत कोकीळ असते. थंडीत ती गप्प असते म्हणून लोकांना वाटतं ती कुठं निघून गेली. असते इथेच. नर काळाभोर, डोळा लाल. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि नवख्यांना ती हमखास वेगळीच जात वाटते. तांबटही याच पट्ट्यात असतो. त्याची टुकटुक फेब्रुवारीनंतर वाढते, तोवर त्याला डोळ्यांनीच शोधावं लागतं. खालच्या फांद्या बुलबुल आणि साळुंक्यांच्या. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या जंगलात गेलात तर राखी धनेशही भेटू शकतो. तो चोचीच्या टोकात धरलेलं फळ हवेत उडवून गिळतो. ते बघायला तासभर बसावं लागलं तरी बसा.

भोरड्या मात्र एकट्या-दुकट्या येत नाहीत. मध्य आशियाकडून येणारी ही गुलाबी मैना शंभरांच्या थव्यानं झाडावर उतरते आणि कलकलाटात बाकीच्यांना हुसकते. अंग गुलाबी, डोकं काळं. पण थंडीत पिल्लं जास्त दिसतात आणि ती नुसती मातकट असतात. दादर ज्वारी दाण्यावर आली की शेतकरी याच थव्यांवर गोफण फिरवतो. त्याचा राग खोटा नाही. पण हाच पक्षी टोळ आणि नाकतोडेही फस्त करतो.

बोरीखालची जमीन वाचा

कोल्हा बोरं खातो, हे अनेकांना ठाऊक नसतं. पायवाटेच्या मधोमध, एखाद्या दगडावर त्याची विष्ठा सापडते. काडीनं उकलून बघा. केसांबरोबर अख्ख्या बोरांच्या बियाही असतात. उंबराखाली असाच माग उदमांजराचा मिळू शकतो. सातपुड्यात, म्हणजे पाल किंवा तोरणमाळच्या बाजूला, बोरांवर अस्वलाचाही डोळा असतो. तिथं झुडपांत एकट्यानं शिरायचं नाही, वनखात्याचा माणूस सोबत घ्यायचा.

तिकडे गेलात तर वठलेल्या फांद्यांवरही नजर टाका. नाहीसाच झाला असं मानलेला रानपिंगळा ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला. तो फळं खात नाही, पण दिवसाढवळ्या बसलेला दिसतो.

गावात, अंगणात

कॉलनीत सिंगापूर चेरीचं झाड असेल तर फुलटोच्या येतोच. जेमतेम आठ सेंटीमीटरचा जीव. आंब्यावरच्या बांडगुळाला फळं धरली की तो तिथं जातो. बी इतकं चिकट असतं की शिटताना त्याला बूड फांदीवर घासावं लागतं, आणि बांडगूळ नेमकं तिथंच रुजतं. त्याला शेव-फरसाण टाकू नका, कुठल्याच पाखराला टाकू नका. उथळ मातीच्या परळात पाणी ठेवा आणि रोज बदला. जागा असेल तर तुती लावा, लवकर फळते.

संक्रांत झाली की झाडांवर अडकलेला मांजा काढायला निघा. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो सापडतो. बांबूला आकडी बांधून ओढा, तुकडे करून कचऱ्यात टाका. पाखरू अडकलं असेल तर दोरा ओढायचा नाही, दोन्ही बाजूंनी कापायचा. पंखात रुतलेला तुकडा तसाच राहू द्या. पाखराला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा.