फुलोरा आहे तोवर सकाळी फवारणीचा पंप खांद्यावर घेऊ नका

वेलावरची फळं वाकडी निघायला लागली की आपला हात आधी खताकडे जातो, नाहीतर टॉनिकच्या बाटलीकडे. त्याआधी अशी एक वाकडी काकडी उभी चिरून पाहा (बिनबियांचे वाण सोडून). फुगलेल्या बाजूला बी भरलेलं दिसेल. दबलेल्या बाजूला पापुद्र्यासारख्या पोचट बिया दिसतील. ज्या बीजांडापर्यंत (ज्याचं पुढे बी होतं) पराग पोचला नाही तिथे बी धरलं नाही, आणि बी धरलं नाही तिथला गरही वाढला नाही. पाण्याचा ताण पडला तरी फळ वाकडं होतं, हे खरं. पण चिरल्यावर बी एकाच बाजूला दिसलं, तर आधी मधमाश्यांची चौकशी करा.

काकडीचं मादी फूल सकाळी उमलतं आणि त्याला जेमतेम तो एकच दिवस मिळतो. नर फुलावरचा पराग तेवढ्या वेळात त्याच्या कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मधल्या, पराग झेलणाऱ्या भागावर, पडायला हवा. माशी एकदा येऊन गेली म्हणजे सेटिंग झालं, फळ धरलं, असं नाही. कलिंगडाचं फळ सगळीकडून सारखं भरायला शेकडो परागकण लागतात, म्हणजे एकाच फुलावर माश्यांच्या अनेक फेऱ्या व्हाव्या लागतात. कांद्याच्या बीजोत्पादनात अडचण वेगळी आहे. गोंड्यातल्या प्रत्येक फुलाचा पराग आधी झडतो आणि त्याची कुक्षी नंतर तयार होते. दुसऱ्या फुलाचा पराग आणून द्यायला कोणी नसेल, तर गोंडा भरगच्च दिसूनही बी हलकं पडतं.

भात, गहू, मका यांना माशीची गरज नाही. पण जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकांना कमी-अधिक प्रमाणात कीटकांचा किंवा इतर प्राण्यांचा हातभार लागतो.

हे काम एकट्या मधमाशीचं नाही. वांग्याच्या फुलाजवळ सकाळी पाच मिनिटं बसून पाहा. तिथला पराग परागकोशाच्या (परागाच्या पिशवीच्या) टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून बाहेर येतो. भुंगा फुलाला खालून लटकतो, पंख न हलवता अंग थरथरवतो, घुंईऽऽ असा आवाज येतो आणि पिवळी भुकटी त्याच्या पोटावर सांडते. मधमाशीला हे जमत नाही. टोमॅटोच्या फुलाची रचनाही अशीच असते. सिरफिड माशीही फुलांवर फिरते, आणि तिच्या अळ्या मावा खातात. अंगावरचे पिवळे-काळे पट्टे पाहून तिला गांधीलमाशी समजू नका, मारू तर नकाच.

परागीभवन कमी पडतंय असं वाटलं की बरेच जण आधी मधपेट्यांची चौकशी करतात. माझं मत स्पष्ट आहे : आधी फवारणीची वेळ बदला, पेट्या नंतर आणा. विष मारलेल्या फुलोऱ्यात पेटी ठेवणं म्हणजे वसाहत मारायला आणणं. फुलं उमललेली असताना शक्यतो कीटकनाशक मारूच नका. कीड नुकसानीच्या पातळीपुढे गेली असेल, तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी उशिरा फवारा. दोडका आणि दुधी भोपळ्याची फुलं मात्र संध्याकाळीच उमलतात आणि रात्री त्यांवर पतंग येतात. तिथे फुलं मिटलेली असतील ती वेळ धरा.

कीटकनाशकाची भुकटी शक्यतो टाळा. तिचे कण परागाबरोबर माशीच्या अंगाला चिकटून पोळ्यात जातात. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, औषध फुलोऱ्याआधी दिलं तरी त्याचा अंश मधुरसात आणि परागात उतरू शकतो, हेही लक्षात घ्या. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन या आंतरप्रवाही कीटकनाशकांच्या उघड्या शेतातल्या वापरावर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंदी घातली, ती मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळेच. आणि एकाच टाकीत कीटकनाशक व बुरशीनाशक मिसळण्याची सवय सोडा. काही बुरशीनाशकांमुळे पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांचं विष माशीला जास्त बाधतं.

पेट्या आणायच्याच असतील, तर पाच-दहा टक्के फुलं उमलल्यावर आणा. फुलं नसताना आणल्या, तर माश्या दुसरीकडच्या फुलांची वाट धरतात आणि तिकडेच जात राहतात. पेटीचं तोंड वाऱ्याकडे नको, दुपारी सावली हवी. जवळ उथळ भांड्यात पाणी आणि त्यात माशीला बसायला खडे ठेवा.

रानमाश्यांसाठी तर खर्च जवळपास काहीच नाही. या रानमाश्यांच्या बहुतेक जाती मधमाशीसारखं पोळं करत नाहीत, एकेकट्या मातीत बीळ करून राहतात. म्हणून बांधाची एखादी उघडी, टणक पट्टी न नांगरता सोडा. वाळलेलं खोड लगेच जाळू नका, भुंगे त्यातच घर करतात. बांधावरचं सगळं फुलणारं गवत तणनाशकाने साफ केलंत, तर पीक फुलात नसताना या किड्यांनी खायचं काय?

फुलोरा सुरू झाला की एक दिवसाआड सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान एका ओळीतून सावकाश चाला आणि दहा मिनिटांत फुलांवर किती माश्या, भुंगे दिसले ते वहीत लिहा. वेलवर्गीय पिकात सलग दोन-तीन फेऱ्यांत जवळपास काहीच दिसलं नाही, तर थांबू नका. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि त्याचा पिवळा दांडा मादी फुलाच्या कुक्षीवर सगळ्या बाजूंनी हलकेच फिरवा. फुलामागे इवलंसं फळ असतं ते मादी फूल. काकडी, भोपळा, कलिंगडात हे काम ऊन तापायच्या आत उरका, नंतर पराग सुकतो.