पिकाच्या तासातल्या (ओळीतल्या) तणाला लेसर कसा द्यावा

तणाचं लेसर यंत्र कॅमेऱ्याने तण ओळखतं आणि त्यावर किरण सोडतं. हा लेसर तण कापत नाही, शिजवतो. कार्बन डायऑक्साइड लेसरचा १०.६ मायक्रॉनचा किरण पानातलं पाणी लगेच शोषतं आणि पेशी जागीच उकळतात. म्हणून नेम पानावर नको, वाढीच्या डोळ्यावर हवा. कुंजरूचं तण दोन पानांवर असताना तो डोळा दोन्ही पानांच्या बेचक्यात टाचणीच्या टोकाएवढा दिसतो. तिथे किरण बसला की रोप पुन्हा उठत नाही. नुसतं पान जळालं तर आठवडाभरात बगलेतून नवी फूट येते.

सगळं वावर लेसरने साफ करायच्या मागे लागू नका. चौरस मीटरला ५० तणं धरली तर एकरात दोन लाख होतात. प्रत्येकाला ०.२ सेकंद किरण आणि पुढच्या तणाकडे वळायला ०.१ सेकंद, म्हणजे एका लेसरला १७ तास! अमेरिकेतल्या कार्बन रोबोटिक्सच्या २०२२ च्या यंत्रावर १५० वॅटचे ३० लेसर बसवले, ते यासाठीच. आपल्याकडे कोळपणीचा डवरा आहे. सोयाबीनच्या ४५ सेंमीवरच्या ओळींमधली जागा डवऱ्याने काढा, आणि झाडांच्या ओळीतला १० सेंमी पट्टा तेवढा लेसरला द्या. एका लेसरचं एकराचं काम पावणेचार तासांवर येतं, यंत्राचा वेग ताशी २.४ किमी ठेवावा लागतो. निंदणाला सर्वांत जास्त वेळ याच पट्ट्यात जातो.

काळ्या जमिनीत खरी अडचण वाफशाची, म्हणजे जमीन कामापुरती सुकण्याची. झड लागली की आठ-आठ दिवस वावरात चाक घालता येत नाही, आणि तोवर तण सहा पानांवर जातं. तेवढ्या तणाला लेसर पुरत नाही. त्यामुळे पहिल्या पावसावर उगवलेलं तण वखराने मोडूनच पेरा. पेरणीनंतर वाफसा मिळताच, तण दोन ते चार पानांवर असताना पहिली फेरी घ्या.

वेळ अंदाजाने ठरवू नका. धुऱ्याजवळ (बांधाजवळ) एकाच जातीची ३० तणं निवडून काड्या रोवा. दहांना ०.१, दहांना ०.२, दहांना ०.३ सेकंद किरण द्या आणि सातव्या दिवशी मोजा. सगळी मेली तो सर्वांत कमी वेळ घ्या. घोळीच्या मांसल खोडाला जास्त वेळ लागतो. गवताचा डोळा मातीलगत किंवा मातीत असतो, तिथे नेम बुडाशी धरा. नागरमोथा आणि हराळीवर वीज वाया घालवू नका. गाठी आणि मुळं खाली शाबूत राहतात.

कॅमेऱ्याला आपल्याच वावरातले फोटो शिकवा. कपाशी आणि पेटारीचं तण एकाच कुळातले, लहानपणी ओळखायला चूक होते. यंत्राभोवती पडदा लावून आतून स्वतःचा दिवा द्या, नाहीतर ढग आला की ओळख बिघडते.

लेसरच्या १०० वॅटच्या काचनळीला साधारण १,००० वॅट वीज लागते, थंडाव्याची वेगळी. नुसत्या पंख्यावर भागत नाही, नळीत गार पाणी फिरवणारा चिलर हवाच. पण पाणी फार गारही करू नका. जुलैच्या दमट हवेत नळीवर आणि भिंगावर दव धरतं. भिंगावरची धूळ तापून भिंग तडकतं. म्हणून दर दोन तासांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा. तडकलेल्या भिंगाच्या कपच्या विषारी असतात, उघड्या हाताने उचलू नका.

हा किरण डोळ्याला दिसत नाही. चष्म्यावर १०,६०० नॅनोमीटर (म्हणजेच १०.६ मायक्रॉन) लिहिलेलं असेल तरच तो घाला. बाजूंना पत्र्याचं झाकण जमिनीपर्यंत ठेवा. यंत्र उचललं की लेसर आपोआप बंद पडला पाहिजे. रोज कामाआधी हे तपासा. कुटार (भुसा) किंवा वाळलेली पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) पडलेल्या ओळीत लेसर चालवूच नका, आणि पाण्याचा पंप भरून सोबत ठेवा. ठिबकवरच्या कपाशीत नळी नेमकी ओळीतच असते. किरण लागला की तिला भोक पडतं, तेव्हा फेरीआधी ती एका बाजूला सरकवा.