हजरत अबू हुरैरा यांचे चरित्र लिहिताना या चुका टाळा

पैगंबर मुहम्मद यांचे सहकारी हजरत अबू हुरैरा यांच्या चरित्रात सर्वाधिक घोटाळा एका आकड्याने घातला आहे. त्यांच्या नावावर ५३७४ हदीस, म्हणजे पैगंबरांची वचने व आचरण यांच्या नोंदी, सांगितल्या जातात, आणि हिजरी (इस्लामी चांद्र कालगणना) ७ मध्ये, खैबरच्या मोहिमेच्या सुमारास, मदिनेत आलेल्या माणसाने चारेक वर्षांत इतके ऐकले तरी कसे, अशी शंका लगेच घेतली जाते. शंका रास्त आहे. पण हा आकडा वेगवेगळ्या वचनांचा नाही. एकच वचन निरनिराळ्या रावींच्या, म्हणजे हदीस सांगणाऱ्यांच्या, साखळीतून, म्हणजे सनदीतून, पोहोचले की त्याची प्रत्येक वेळी स्वतंत्र नोंद होते. अशी पुनरुक्ती वगळली की संख्या बरीच खाली येते. म्हणून आकडा देताना तो नोंदींचा आहे, हे त्याच वाक्यात लिहावे.

त्यांचा दिनक्रम गाळणे ही दुसरी चूक, आणि माझ्या मते ती अधिक नुकसान करते. यमनच्या दौस कबिल्यातून आलेले अबू हुरैरा मशिदीतील सुफ्फा या सावलीच्या जागेत राहणाऱ्या निर्धनांपैकी एक होते. इमाम बुखारींच्या हदीससंग्रहात त्यांचेच म्हणणे आहे की, मुहाजिर (मक्केहून आलेले मुसलमान) बाजारात आणि अन्सार (मदिनेतील मुसलमान) आपल्या मालमत्तेच्या कामात गुंतलेले असत, तेव्हा ते मात्र पोटापुरते मिळाले की पैगंबरांजवळच थांबत. भुकेने व्याकूळ होऊन त्यांनी पोटाला दगड बांधल्याचेही त्यांनीच सांगितले आहे. हे वाचल्याशिवाय त्यांच्या स्मरणशक्तीविषयी काही लिहू नये.

त्या काळी काहीच लिहून ठेवले जात नव्हते, असेही सरसकट म्हणू नये. पैगंबरांचे दुसरे सहकारी अब्दुल्लाह इब्न अम्र लिहून घेत आणि आपण लिहीत नव्हतो, असे खुद्द अबू हुरैरा सांगतात. पुढे त्यांचे शिष्य हम्माम इब्न मुनब्बिह यांनी त्यांच्याकडून ऐकलेल्या सुमारे १३८ हदीसचा सहीफा, म्हणजे लिखित संग्रह, तयार केला. हैदराबादेत जन्मलेले विद्वान मुहम्मद हमीदुल्लाह यांनी त्याची हस्तलिखिते शोधून तो प्रसिद्ध केला. त्यातील मजकूर इमाम अहमद यांच्या मुस्नद या हदीससंग्रहाशी ताडून पाहता येतो, आणि शंका घेणाऱ्याने प्रथम तेच करावे.

सनांचे रूपांतरही जपून करावे. त्यांचे निधन हिजरी ५७ ते ५९ च्या दरम्यान मदिनेत झाले, असे सांगितले जाते. ५९ मध्ये ६२२ मिळवून इसवी सन ६८१ लिहिणे चूक आहे. चांद्रवर्ष लहान असल्याने हिजरी ५९ चा काळ ६७८-६७९ चा येतो. तसेच दुसरे खलिफा हजरत उमर यांनी त्यांना ज्या बहरीनचे अधिकारी नेमले, तो अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्याचा मोठा प्रदेश होता. नकाशात आजचे बेट तेवढे दाखवू नये.